शांत गावातली धारवाली

आमचं गाव शांत आहे असं जो कोणी पहिल्यांदा म्हणाला, त्याला मी शोधते आहे. सापडला तर त्याला पहाटे माझ्या दूध केंद्रावर आणून उभा करीन, कॅन उतरतात तेव्हा. मग गिरणीत नेईन, पट्टा चालू असताना. मग आमच्या शेजारच्या काकू नवऱ्याला झोपेतून उठवतात ते ऐकवीन. आमचं गाव कधीच शांत नव्हतं. बाहेरून राहायला आलेल्यांना आमचे आवाज सुरुवातीला ऐकू येत नव्हते, एवढंच. आणि ऐकू यायला लागले तेव्हा त्यांनी ते बंद करायला घेतले.

मला सांगायचं आहे ते माझ्या आत्याबद्दल. पण तिच्याबद्दल बोलायला लागले की राग आधी येतो आणि आत्या मागून येते. त्याला माझा इलाज नाही. सांभाळून घ्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. सगळा मुलूख तिला धारवाली म्हणून ओळखतो. तिच्याकडे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं, पायाने चालवायचं चाक आहे. लाकडी चौकट, खाली पाय मारायची फळी, वर दगडी चाक. चौकट तिच्या छातीएवढी उंच आणि दोघांनी मिळून उचलावी इतकी जड. मूळ आजोबांचं. दम्याने आजोबांना घरी बसवलं तेव्हा चाक कोण चालवणार असा प्रश्न आला. बाबा लहान होते आणि चाक फिरायला लागलं की कानांवर हात ठेवायचे. आत्या शाळेत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत नव्हती.

आमचं गाव दोन जुन्या बाजारपेठांच्या मधोमध आहे. पूर्वेला घड्याळाचं शहर. तिथे चौकात दगडी मनोरा, त्यावर कायम मागे असलेलं घड्याळ आणि खाली कमानींमध्ये दुकानांच्या रांगा. पश्चिमेला वेशीचं शहर. तिथली तटबंदी कधीच पडली, पण वेस उभी आहे, आणि वेशीच्या आत कापडवाले, भांडीवाले, दोरवाले, खाटीक, शिंपी असे गल्लीगल्लीने बसलेले. आमच्याकडे कोणी घरी नसलं तर ‘घड्याळाला गेलाय’ नाहीतर ‘वेशीला गेलाय’ एवढंच उत्तर मिळतं. आत्या आठवड्यातून दोन दिवस घड्याळाला जायची आणि दोन दिवस वेशीला. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, खाणावळीच्या सुऱ्या, जुन्या न्हाव्यांचे वस्तरे. दोन्ही शहरांत तिची जागा ठरलेली. दुसरं कोणी तिथे बसायला लागलं तर आजूबाजूचे दुकानदारच त्याला उठवायचे, कारण आत्या आल्यावर जे झालं असतं ते त्यांना बघायचं नव्हतं.

तोंड तिचं फटकळ. ‘जरा लवकर द्या हो’ म्हणणाऱ्या शिंप्याला ती म्हणायची, “घाई असेल तर दाताने काप कापड. दात शाबूत आहेत ना?” आणि शिंपी हसत उभा राहायचा, कारण तिने लावलेली धार टिकायची.

लग्नाचंही असंच. ठरलं होतं, मुलगा चांगला होता असं आई सांगते. पण मुलाकडचे म्हणाले, चाक माहेरीच राहू दे, आमच्याकडे बायका बाजारात बसत नाहीत. आत्या म्हणाली, “मग मीही माहेरीच राहते. त्याला एकट्याला करमायचं नाही.” विषय संपला. त्यानंतर तिने घरात दोनच गोष्टींकडे लक्ष दिलं, एक चाक आणि दुसरे माझे बाबा. बाबांच्या शाळेची फी चाकाने भरली, कॉलेजची चाकाने भरली, कचेरीतल्या नोकरीसाठी पहिला कोट शिवला तोही तिच्या एका शिंप्याने. सकाळच्या बसमध्ये गर्दी असली की छोटे बाबा चाकाच्या चौकटीवर बसून शाळेत जायचे. हे ते स्वतःच सांगायचे, कौतुकाने. हल्ली सांगत नाहीत.

आता त्या बसबद्दल.

बस एकच. सकाळी एका शहराहून दुसऱ्याकडे जाऊन परत फिरणारी, संध्याकाळी पुन्हा तशीच. सकाळी आमच्या गावात वळायची ती एकदाच; कुठल्याही शहराला जायचं असो, त्याच फेरीला चढायचं. आमचं गाव टेकडीच्या उतारावर, घरं वर आणि थांबा खाली रस्त्याला. थांबा म्हणजे एक खांब. सावली नाही, बसायला दगडही नाही. बसची वेळ अशी काही नव्हती. डेपोतून निघाली की निघाली, वाटेत गुरं आडवी आली की थांबली. कधी सातच्या आत, कधी साडेसात उलटून गेल्यावर. म्हणून आमच्या गावची रीत अशी की थांब्यावर कोणी उभं राहायचं नाही. घरीच तयार होऊन बसायचं. बस टेकडीवरच्या वळणाला आली की ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा. तिथून खाली यायला तिला तीन वळणं घ्यायला लागायची, आणि तेवढ्यात अख्खं गाव चपला घालून खाली पोचायचं. म्हातारी माणसं, ओझी, पोरं, सगळं. आत्याचं चाक मी आणि बाबा उचलून न्यायचो. बाबा निवृत्त झाले तरी हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. बसच्या मागच्या दाराशी चाकाची जागा होती. तिथे ड्रायव्हरने सायकलची जुनी ट्यूब बांधून ठेवली होती, चाक हलू नये म्हणून.

कोणाचं घड्याळ नको, कोणाचं वेळापत्रक नको. एक हॉर्न आणि गाव निघालं. यात कोणाचं काय वाकडं होत होतं?

होत होतं. टेकडीवरच्या त्याच वळणाला एका निवृत्त साहेबांनी घर बांधलं. मोठं काचेचं, दऱ्याखोऱ्यांकडे तोंड करून. त्यांच्या मागोमाग त्यांचे ओळखीचे आले, वळणाखाली आणखी चार-पाच घरं झाली. माणूस वाईट नाही, हे मला सारखं सांगितलं जातं. नाहीच वाईट. कधी आवाज चढवायचा नाही, भेटला की हात जोडायचा, मुलांना पेन्सिली द्यायचा. एकदा आमच्या अंगणात सुऱ्या घेऊन आला. आत्या चाक मारत होती, तर हा बाजूला उभा राहून म्हणतो, “काय लय आहे हो या चाकाला! अगदी ध्यानस्थ व्हायला होतं.” आणि फोटो काढायला लागला.

“फोटोला धार येत नाही,” आत्या म्हणाली. “सुऱ्या द्या.”

तो हसला. पुढे तो फोटो मोठा करून त्याने दिवाणखान्यात लावला. दूध पोचवायला जाते तेव्हा मी तो बघते. आत्याचा पाय, चाक, आणि मागे आमची भिंत. बाई भिंतीवर चालते त्याला, बसमध्ये चालत नाही.

कारण हॉर्नने त्याची झोपमोड व्हायची. शहरातल्या गोंगाटाला कंटाळून इथे आलो, आणि इथे रोज सकाळी कानाशी भोंगा, असं तो ज्याला त्याला सांगायचा. आत्याने त्याचं नाव ठेवलं शांतिदूत. गाव हसलं. मग शांतिदूताने डेपोत अर्ज दिला. ओळखी होत्याच. महिन्याच्या आत वळणावर निळा फलक लागला: शांत परिसर, हॉर्न वाजवू नये. ड्रायव्हरला ताकीद आली, वाजवलास तर दंड.

“मावशी, माझाच पगार कापतील,” ड्रायव्हर आत्याला म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता. आत्याने त्याला जाऊ दिलं. जे बोलायचं ते तिने वळणावरच्या काचेच्या घराकडे तोंड करून बोलून घेतलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी काय झालं ते मी केंद्रावरून स्वतः पाहिलं. हॉर्न बंद झालाय हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी पारावर त्यावर भांडणं झाली होती, शिव्या देऊन झाल्या होत्या. आणि सकाळी सगळे नेहमीसारखे तयार होऊन घरात हॉर्नची वाट बघत बसले! शाळेची पोरं दप्तरं पाठीला लावून ओट्यावर. घड्याळाला दवाखान्यात जाणारे गावातले एक आजोबा काठी हातात घेऊन उंबऱ्यात. बस आली, खांबाशी थांबली. ड्रायव्हरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खाली उतरून वर घरांकडे पाहिलं. तो हॉर्न देऊ शकत नव्हता आणि यांच्या कानाला हॉर्नशिवाय उठायची सवय नव्हती. मी केंद्रातून ओरडत धावले. तोवर बस निघून गेली होती.

त्या दिवशी आमच्या घरीही आत्या आणि बाबा चाक धरून बसूनच राहिले होते. आत्याला आधी हसू आलं. “आपण काय माणसं आहोत, घंटा वाजल्याशिवाय जेवायचं नाही अशातली!” मग हसू गेलं.

दुसऱ्या दिवशीपासून ती उजाडताच चाक घेऊन खांबाशी जाऊन उभी राहू लागली. बाबा आणि मी चाक खाली पोचवायचो आणि घरी परतायचो. ती एकटी उभी. कधी पाऊण तास, कधी जास्त. सत्तरीला आलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, बसायला दगड नाही. मी स्टूल नेऊन दिलं तर म्हणाली, “स्टूल बसमध्ये कुठे टाकू? तुझ्या डोक्यावर?” बाकीच्यांनी दुसरे मार्ग काढले. ज्यांच्याकडे मोटरसायकली होत्या ते मोटरसायकलने जायला लागले. पोरांना कोणीतरी सोडायचं. काठीवाल्या आजोबांनी दवाखान्यात जाणंच सोडलं, आणि हे कोणी मोठ्याने बोलत नाही. बसमध्ये मधल्या वाड्यांवरून चढलेली थोडी माणसं असायची आणि आमच्या गावची एकटी आत्या. चाक मोटरसायकलवर जात नाही. टेम्पो केला तर दिवसाची कमाई टेम्पोवाल्याची. एका शहरात चाक ठेवून द्यावं तर दुसऱ्या शहरात काय घेऊन बसायचं?

शेवटी डेपोने कळवलं की तुमच्या गावातून चढणारे प्रवासी नाहीत, म्हणून बस खालच्या मोठ्या रस्त्याने सरळ जाईल, गावात वळणार नाही. आत्या त्याच दिवशी डेपोत गेली. तिथल्या अधिकाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि त्याने जेवणाचा डबा उघडला तरी उठली नाही. तो कंटाळून म्हणाला, “बाई, हॉर्न तुमच्याच गावाने बंद करायला सांगितला. गावाने बैठक घेऊन सांगावं, हॉर्न हवा. मी परत चालू करतो. माणसं चढायला लागली तर बस राहील.”

आत्या उड्या मारायचीच बाकी राहिली होती. घरोघर फिरली. प्रत्येक घरात उत्तर एकच. “हो तर! हा काय विचारायचा प्रश्न आहे?” “आम्ही आहोत तुमच्या मागे.” “आधी का नाही सांगितलंत?” मला तेव्हाच धाकधूक वाटली होती. आमच्या गावात ‘आम्ही मागे आहोत’ याचा अर्थ बरेचदा तेवढाच असतो, की पुढे नाही.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. गावच्या समितीचे अध्यक्ष आमचे गिरणीवाले. त्यांची गिरणी हॉर्नच्या दसपट आवाज करते, दिवसभर करते, पण तिच्याविरुद्ध शांतिदूताने कधी अर्ज केला नाही. ताजं पीठ लागतं ना त्याला. टेकडीवरची मंडळी पहिल्या रांगेत बसली होती, आमची माणसं मागे भिंतीला टेकून. आत्या मधल्या बाकावर, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा.

शांतिदूत आधी बोलला. गोड बोलला. बसला कोणाचाच विरोध नाही म्हणाला. बस हवीच. पण हॉर्न कशाला? आता डेपोचं मोबाइलवर ॲप आहे, बस कुठे आली ते दिसतं. “आपण काळाबरोबर चाललं पाहिजे. शांतता ही या गावाची खरी संपत्ती आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेकडीच्या अलीकडे मोबाइलला रेंज नसते हे त्याला माहीत नसेल? त्याच्याकडे घरात तार टाकून इंटरनेट घेतलेलं आहे, म्हणून त्याला दिसत असेल बस. आमच्या मोबाइलवर ती वळणाच्या पलीकडे तशीच उभी दिसते, ती आली आणि गेली तरी.

मग आत्या उठली. मला वाटलं आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती फार थोडं बोलली.

“तुम्हाला झोप हवी, बरोबर आहे,” ती म्हणाली. “मीही झोपते. पण तुमची झोप सकाळची, माझं पोट दिवसभराचं. दिवसातून एक हॉर्न आहे. तेवढा सहन करा. मी तुमच्या सुऱ्यांना धार लावते, तेव्हा तुमच्याकडून काय काय ऐकून घेते? काही बोलते का?”

मागून हसण्याचा आवाज आला. वातावरण जरा सैल झालं. मला वाटलं, जमलं.

गिरणीवाले म्हणाले, “हॉर्न पुन्हा सुरू करावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

आत्याचा हात वर गेला. माझा गेला. शाळा झाडणाऱ्या बाईचा गेला, तिचा पोरगा वेशीला कामाला जातो. भिंतीजवळ कुठेतरी एक-दोन. आणि मग सगळे बाबांकडे बघायला लागले.

हे समजून घेतलं पाहिजे. आमच्या गावात हात एकेकटे वर जात नाहीत. आधी कोणीतरी मोठा करतो, मग त्याच्या बाजूचा, मग रांगच्या रांग. बाबा शिकलेले, कचेरीत नोकरी केलेले, शांतिदूताशी इंग्रजीत बोलू शकणारे. आणि धारवालीचा सख्खा भाऊ. त्यांनी हात वर केला असता तर पाठीमागची भिंत अख्खी वर गेली असती. मागे आमच्या गावचा शिंपी अर्धवट हात उचलून थांबलेला मी पाहिला. कोपरापासून वाकवलेला, कान खाजवतोय असं दाखवता येईल असा.

बाबांचे दोन्ही हात मांडीवर होते. ते वर छताकडे बघत होते. आत्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली, हात वर ठेवून. शिंप्याने कान खाजवला.

“ठीक आहे,” गिरणीवाले म्हणाले. “बहुमत स्पष्ट आहे.”

घरी आल्यावर मी चप्पलही काढली नाही. उभ्या उभ्या विचारलं, “का?” बाबा म्हणाले, “थांब जरा, पाणी पिऊ दे.” मी म्हटलं, “पाणी नंतर. का?” आईने मधे पडून सांगितलं, आणि तिच्या आवाजावरून कळलं की तिला कालपर्यंत माहीत नव्हतं. वळणाखालचा आमचा जमिनीचा तुकडा बाबा विकत होते. शांतिदूताच्या मित्राला. बोलणी पक्की झाली होती. घेणारा एकाच गोष्टीवर अडून होता की जागा शांत हवी.

“ताई,” बाबा आत्याला म्हणाले, “मी तुझ्या विरोधात गेलो नाही. मी नुसता गप्प बसलो. छप्पर गळतंय, तुझ्याच खोलीवर गळतंय. ते पैसे कोणासाठी आहेत?”

“माझ्या खोलीवर गळतंय ते मला माहीत आहे,” आत्या म्हणाली. “मी पातेलं लावते. माझं मी बघते. पण विकत होतास ते मला का नाही सांगितलंस?”

“तू चिडली असतीस.”

“हो. चिडले असते. मग आपण भांडलो असतो. मग एखादवेळी तुझंही पटलं असतं मला.” ती ओट्यावर बसली. “तुझ्यासाठी मी रोज त्या बसने गेले. आणि आज तू छत बघत बसलास. असं काय होतं रे तिथे, माझ्या तोंडापेक्षा?”

बाबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी बोलले, भरपूर बोलले. त्यातलं निम्मं मुलीने बापाला बोलू नये असं होतं आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. आत्यानेच मला थांबवलं. म्हणाली, “पुरे. तुझा घसा बसेल, याच्या डोक्यात काही बसायचं नाही.”

बस कायमची गेली. वेशीच्या शहरात छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई आहे, आत्याची बाजारातली मैत्रीण. तिच्या दुकानामागे एक खोली रिकामी होती. आत्याने ती घेतली. घड्याळाचं शहर सुटलं, तिथली गिऱ्हाइकं सुटली, अर्धं काम सुटलं. सामान फार नव्हतंच. टेम्पो आला तेव्हा मी आणि टेम्पोवाला चाक उचलायला गेलो. बाबा सवयीने पुढे झाले.

“नको,” आत्या म्हणाली. “तू राहू दे.”

एवढंच. रागही नव्हता आवाजात. मला वाटलं, आरडाओरडा केला असता तर बाबांना बरं वाटलं असतं. ते अंगणात तसेच उभे राहिले, टेम्पो खालचं वळण घेऊन दिसेनासा होईपर्यंत. मला त्यांची दया आली नाही. अजून येत नाही. येईल तेव्हा बघू.

आता गाव शांत आहे. खरंच शांत. आणि आता टेकडीवरची मंडळी हवालदिल झाली आहेत. त्यांच्याकडे स्वयंपाकाला, झाडलोटीला, बागेला येणारी माणसं शहरांतून आणि मधल्या वाड्यांवरून याच बसने येत होती. कोणी हे लक्षातच घेतलं नव्हतं. शहाणी, शिकलेली, दऱ्याखोऱ्यांकडे तोंड करून बसलेली माणसं, पण त्यांच्या घरात सकाळी चहा करणारी बाई कशाने येते हे एकालाही माहीत नव्हतं. मोठ्या रस्त्यावर उतरून टेकडी चढून यायला त्या बायका तयार नाहीत. का व्हाव्यात? शांतिदूत स्वतः भांडी घासताना मी पाहिला. मला इतका आनंद झाला की मी दूध ओतताना सांडलं.

मग त्यांना बस हवीशी झाली. हॉर्नसकट चालेल म्हणाले! डेपोत पुन्हा अर्ज गेला, पण अधिकारी बदलला होता. नवा म्हणाला, एकदा बंद झालेला फाटा मी नुसत्या कागदावर उघडणार नाही. रोज जाणारं कोणी असेल तर त्याने येऊन सांगावं. तेव्हा शांतिदूताला आठवली ती भिंतीवरची बाई. ती येऊन बोलली तर डेपोवाले ऐकतील, म्हणाला. तिची कळकळ खरी आहे. आणि हे तिला सांगायला त्याने कोणाला धाडावं? तिच्या भावाला.

बाबा तयार झाले. मला म्हणाले, “चल माझ्याबरोबर, साहेबांनी गाडी दिलीय. ताई तुझं ऐकेल.” मी म्हटलं, मी तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाही, पण येते, आत्याला बघायला येते. वाटेत ते सारखे बोलत होते. बस चालू झाली की ताई परत घरी येईल. छप्पर नीट करून घेतलंय. खोलीला रंग दिलाय. यात सगळ्यांचंच भलं आहे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

वेशीच्या आत बाजार भरला होता. आत्या तिच्या जागेवर, कापडवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. चाक जोरात फिरत होतं आणि समोर रांग होती, बायका, शिंपी, एक खाटीक गोणपाटात सुरे गुंडाळून. आत्या वाळली होती. पण पाय तसाच चालत होता, आणि मला बघून तिने भुवई वर केली, म्हणजे ये, बस. मी तिच्यामागे पायरीवर जाऊन बसले.

बाबा रांगेत उभे राहिले. पुढे घुसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खाटकाचे सुरे झाले. एका शिंप्याच्या दोन कात्र्या झाल्या. आत्याने मान वर करून रांगेकडे पाहिलं नाही असं नाही. तिने त्यांना पाहिलं होतं. मला ते तिच्या पाठीवरून कळलं.

त्यांची पाळी आली. आत्याने हात पुढे केला, जसा सगळ्यांपुढे करायची, पात्याची मूठ घ्यायला.

“ताई,” बाबा म्हणाले, “ते साहेब म्हणत होते, तू एकदा डेपोत येऊन बोललीस तर…”

आत्याचा पाय थांबला नाही. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचं काही काम नसेल तर रांग सोडा. लोकांना उशीर होतोय.”

बाबांनी मागे वळून पाहिलं, ही कोणाला म्हणतेय म्हणून. मागे फक्त एक बाई होती, हातात कात्री घेऊन, आणि ती बाबांकडेच बघत होती.